पाण्याच्या बाटलीत फक्त पाणी: लहान मुलांना घरातल्या विषारी केमिकलपासून कसं जपायचं

आमच्याकडे नागपुरात मार्च लागला की घरोघरी कूलर खाली निघतो. धुवायचा, जुनं गवत काढून नवं टाकायचं, आणि टाकीला आतून गंज लागला असेल तर काळा पेंट मारायचा. चार वर्षांपूर्वी आमच्याही अंगणात हेच चाललं होतं, दुपारी बाराचं ऊन, भावाने पेंट पातळ करायला थिनर आणलं आणि हाताशी काही नव्हतं म्हणून ते एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं, झाकण पण अर्धवटच लावलं. माझा भाचा तेव्हा अडीच वर्षाचा. खेळून खेळून तहान लागली, समोर पाण्याची बाटली दिसली, लावली तोंडाला. एकच घोट गेला असेल, पण तो ठसका लागला ना, तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं ते सगळं चुकीचं होतं. शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावल्या, आईने घशात बोट घातलं, कोणी म्हणे दूध पाजा. पोराने उलटी केली आणि त्यातच जास्त नुकसान झालं. थिनर, रॉकेल, टर्पेंटाईन, पेट्रोल या पातळ वस्तू पोटात राहिल्या तर त्यामानाने कमी त्रास देतात, पण उलटी करताना श्वासनलिकेत गेल्या की फुफ्फुसात पसरतात आणि न्यूमोनिया होतो. रात्री त्याचा श्वास धाप लागल्यासारखा चालायला लागला, ताप चढला, पाच दिवस दवाखान्यात काढले. बरा झाला, आता शाळेत जातो. पण डॉक्टर मॅडम तेव्हा म्हणाल्या की उलटी करवली नसती तर कदाचित एका दिवसात घरी गेला असता. तेव्हापासून मी हा विषय वाचत गेले, विचारत गेले, आणि ज्या घरात लहान मूल आहे त्या प्रत्येक घरी हे बोलत असते, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी, झालंच तर काय करायचं

मुलाने काही पिलं किंवा खाल्लं असा नुसता संशय जरी आला तरी तोंडात बोट घालून जे उरलं असेल ते बाहेर काढा, पण घशापर्यंत बोट घालू नका, उलटी करवू नका. मीठपाणी नाही, कच्चं अंडं नाही, लिंबू नाही. ॲसिड किंवा फिनाईल असेल तर ते जाताना एकदा घसा जाळतं आणि उलटीत वर येताना दुसऱ्यांदा जाळतं. रॉकेल-थिनरचं वर सांगितलंच.

कपड्यावर सांडलं असेल तर कपडे काढून टाका, अंग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात उडालं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याने कमीत कमी १५ मिनिटं डोळा धुवा, मूल कितीही रडलं तरी, आणि मगच गाडी काढा, कारण डोळ्याच्या बाबतीत ती पहिली पंधरा मिनिटं फार मोलाची असतात.

मूल बेशुद्ध होत असेल, झटके येत असतील, श्वास नीट घेत नसेल तर सरळ १०८ ला फोन. बाकी वेळी दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र २४ तास चालू असतं, नंबर १८०० ११६ ११७, फुकट आहे, काय पिलं किती पिलं सांगितलं की ते पुढे काय करायचं ते सांगतात. हा नंबर आत्ता मोबाईलमध्ये सेव्ह करा, फ्रिजवर पण लिहून चिकटवा कारण ऐनवेळी मोबाईल नेमका सापडत नाही. आपल्याकडे नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स हे मोठे सरकारी दवाखाने आहेत, यातलं तुमच्या घरापासून कोणतं लवकर येतं ते पण आधीच ठरवून ठेवा.

आणि जाताना ती बाटली, पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, जे असेल ते सोबत घ्या. डॉक्टरला "काहीतरी पांढरं होतं" एवढ्यावर काही करता येत नाही, पाकिटावरचं नाव दिसलं की पुढचा सगळा उपचार ठरतो.

थिनर-रॉकेल पिलेलं मूल वरवर ठीक दिसलं तरी दाखवायलाच न्या, निदान सहा तास लक्ष ठेवावं लागतं, खोकला, धाप, ताप हे उशिरा सुरू होतं.

बाटली बदलली की धोका झाला

आमच्या घरचा नियम आता एकच आहे आणि तो पाहुण्यांना पण लागू आहे. पाण्याच्या, थंड्याच्या, ज्यूसच्या बाटलीत पाणी-थंडा-ज्यूस सोडून काही भरायचं नाही, एक तासासाठी पण नाही.

गल्लीत सायकलवर ॲसिड-फिनाईल विकणारे येतात, ते जुन्या थंड्याच्या बाटलीतच मोजून देतात. स्वस्त पडतं हे खरं आहे. पण बाथरूमचं ते ॲसिड पिवळसर दिसतं, थंड्यासारखं दिसतं, आणि तीन वर्षाच्या पोराला तो रंग आणि ती बाटली म्हणजे थंडाच. दुकानातून मूळ बाटलीतलं, घट्ट झाकणाचं घ्या, वीस-तीस रुपये जास्त जाऊ द्या.

केमिकलचा रिकामा डबा पुन्हा कधीच कशासाठी वापरायचा नाही हे पण तितकंच महत्त्वाचं. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली, जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं, हे शेतातलं कीटकनाशक, आणि ते आलं होतं स्वयंपाकाच्या तेलातून. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन वापरणं आपल्याकडे गावात अजून चालतं. धुऊन जात नाही ते. डबा रिकामा झाला की भोकं पाडा, म्हणजे कोणी दुसरं वापरणार नाही.

आता घरात फिरून पाहायचं काम. एकदा खरंच जमिनीवर बसा, शक्यतो रांगत रांगत एक चक्कर मारा. मी केलं होतं. स्वयंपाकघराच्या सिंकखाली भांड्याचा साबण, पाईप मोकळा करायची पावडर, झुरळाचा स्प्रे, सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि दाराला साधी कडी पण नव्हती. उभं राहून पाहिलं तर ते कपाट मला कधी दिसतच नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी सगळं वरच्या कपाटात गेलं आणि खाली भांडी-पातेली आली. पाईपची पावडर (कॉस्टिक सोडा असतो त्यात) तर मी घरातूनच काढली, अन्ननलिका जळली की मुलाला वर्षानुवर्षं त्रास होतो, चोक झालं तर प्लंबर बोलावते.

टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र कधीच टाकू नका, दिवाळीच्या सफाईत हे हमखास होतं, डाग जात नाही म्हणून दोन्ही ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये मोठ्या माणसाचा जीव घाबरा होतो, मुलाचं काय होईल.

कूलर, डास आणि उंदीर

कूलरच्या टाकीत डास होऊ नयेत म्हणून कोणी रॉकेल टाकतं, कोणी फिनाईल, कोणी डांबरगोळ्या. पंखा तीच हवा रात्रभर मुलाच्या तोंडावर मारत असतो, याचा विचार करा जरा. आठवड्यातून एक दिवस ठरवा, आमचा रविवार आहे, टाकी पूर्ण रिकामी करायची, आतून ब्रशने घासायची कारण डेंगूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, मग थोडं ऊन लागू द्यायचं आणि नवीन पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नियम पाळला तर काही टाकायची गरज पडत नाही. पावसाळ्यात कूलर बंद केला तरी टाकी कोरडी करूनच ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये त्यातच पाणी साचतं.

डास मारायच्या कॉईलच्या धुराबद्दल एक अभ्यास झाला होता, एक कॉईल पूर्ण जळली की तिच्यातून जितके बारीक कण निघतात तितके ७५ ते १३७ सिगारेटमधून निघतात. बंद खोलीत, पाळण्याखाली, रात्रभर. मच्छरदाणी लावा हो. जुनी गोष्ट आहे, उकडतं म्हणून लोकं नाही म्हणतात, पण पंखा-कूलर चालू असताना जाळीतून हवा येते. लिक्विडचं मशीन वापरायचंच असेल तर मूल झोपायच्या आधी तासभर लावून खिडकी उघडी ठेवा आणि मग बंद करा, आणि ती छोटी रिफिलची बाटली प्लगमध्ये मुलाच्या हाताच्या उंचीवर असते तेव्हा वरचा सॉकेट वापरा.

उंदराचं औषध. इथे मी हात जोडून सांगते, पिवळ्या फॉस्फरसची ती पेस्ट, ट्यूबमध्ये येते, घरात आणूच नका. लोकं ती भाकरीच्या तुकड्याला, टमाट्याला, बिस्किटाला लावून कोपऱ्यात ठेवतात. म्हणजे आपण विष लावलेलं बिस्किट जमिनीवर ठेवतो आणि घरात रांगणारं मूल आहे! त्याला उतारा नाही, पहिल्या दिवशी उलटी होते, मग एक-दोन दिवस मूल बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात, आणि नंतर लिव्हर निकामी होतं. पिंजरा लावा, चिकट गत्ता लावा, दाराखालची फट बुजवा.

औषधाचा डबा पण विषाचाच डबा

ऑक्टोबर २०२५ चे ते दिवस नागपुरातला कोणताच आईबाप विसरला नसेल. छिंदवाड्याच्या परासिया भागातली लहान लहान पोरं, साधा सर्दी-खोकला, कफ सिरप दिलं आणि लघवी बंद झाली, किडन्या गेल्या, उपचाराला आपल्याकडे नागपुरात आणली, वीसच्या वर मुलं गेली. त्या सिरपच्या तपासणीत डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. हे कारखान्यात लागणारं सॉल्व्हंट, ब्रेक ऑईलमध्ये वापरतात, गोड लागतं आणि किडनी बंद पाडतं. आईबापाने बाटली पाहून काही कळलं असतं का, नाही, अजिबात नाही, म्हणून त्यांचा काही दोष नाही. पण आपल्या हातात जेवढं आहे तेवढं तरी करूया.

दोन वर्षाखालच्या मुलाला खोकल्याचं औषध देऊच नये असं केंद्राच्या आरोग्य खात्याने तेव्हा पुन्हा सांगितलं, आणि पाच वर्षापर्यंत साधारणपणे टाळावंच. त्याच्याही आधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन असलेल्या सर्दीच्या औषधांवर "चार वर्षाखालील मुलांना देऊ नये" असं छापायचे आदेश निघाले होते. तरी मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन "लहान मुलासाठी खोकल्याचं द्या" म्हटलं की मिळून जातं. नका घेऊ. मुलांचा बहुतेक खोकला व्हायरसचा असतो, आपोआप जातो. कोमट पाणी, नाकात सलाईनचे थेंब, एक वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध (वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही). मोठ्या भावाचं उरलेलं औषध अंदाजाने अर्धं करून धाकट्याला द्यायचं नाही. आणि कोणतंही औषध सुरू केल्यावर मुलाने सहा-आठ तास लघवी केली नाही, सुस्त पडलं, उलट्या सुरू झाल्या तर बाटली घेऊन त्याच क्षणी डॉक्टरकडे.

आजी-आजोबांच्या गोळ्या उशीखाली, टीव्हीच्या बाजूला, चष्म्याच्या डब्यात असतात. शुगरची एखादी गोळी दोन वर्षाच्या पोराची साखर इतकी खाली आणते की झटके येतात. गरोदर बाईच्या लोहाच्या लाल गोळ्या, त्या गोड चकचकीत दिसतात, चार-पाच गोळ्या लहान मुलाच्या जिवावर उठू शकतात, हे कितीतरी घरांत माहीतच नसतं. मुलाला औषध देताना "चॉकलेट आहे घे" असं पण म्हणू नका, मग ते पुढे स्वतःच शोधतं.

कापूर आणि निलगिरी तेल आपल्याला देवाचं आणि घरगुती वाटतं. पण कापराची वडी गिळली तर अर्ध्या तासात झटके येऊ शकतात. सर्दी झाली की बाळाच्या छातीला, नाकाला कापूर चोळतात ते बंद करा. तेच डांबरगोळ्यांचं. हिवाळ्यात पेटीतून स्वेटर-गोधडी काढून तशीच बाळाला घालतात, काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं (जी-सिक्स-पीडी म्हणतात) त्यांच्या रक्तपेशी त्या नुसत्या वासाने फुटतात, कावीळ वाढते. कपडे धुवून दोन दिवस उन्हात टाका मग घाला. पेटीत कडुलिंबाचा पाला टाकला तर चालतो.

आणि बटण सेल! रिमोट, खेळण्यातली गाडी, गाणं वाजणारं ग्रीटिंग, वजनकाटा. ती चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली की थुंकीशी रिॲक्शन होऊन दोन तासात आतून जळायला लागतं. स्क्रू नसलेलं झाकण असेल तर टेप गुंडाळा. गिळल्याचा संशय आला तर एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच, वाटेत एक वर्षाच्या वरच्या मुलाला दर दहा मिनिटाला दोन चमचे मध देता येतो, पण त्यासाठी थांबायचं नाही, आणि बाकी काही खायला-प्यायला द्यायचं नाही.

शिसं: जे दिसत नाही, दुखत नाही

आतापर्यंतच्या गोष्टी डोळ्यासमोर घडतात. शिसं तसं नाही, मूल हसतं-खेळतं असतं आणि आत मेंदूवर हळूहळू परिणाम होत असतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, रक्त कमी असतं, आणि आपण म्हणतो पोट्टं आळशी आहे. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थचा रिपोर्ट आला त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एका मुलाच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, आणि भारतात अशी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं. तेवढंच शिसं पोटात गेलं तर मोठ्यांपेक्षा मुलाचं शरीर चार-पाच पट जास्त शोषून घेतं.

येतं कुठून? जुन्या रंगातून. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर चालत नाही, पण महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत दारं-खिडक्यांवर त्याच्या आधीचे पाच-सहा थर असतात. रंगारी ते कोरडं घासतो, सगळ्या घरात पिवळसर धूळ, आणि मूल त्याच फरशीवर. रंगकाम असेल तेव्हा मुलाला आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला पण मामाकडे पाठवा, रंगाऱ्याला ओलं करून घासायला सांगा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसा. रंगाचा नवीन डबा घेताना त्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याचं लिहिलेलं असतं, वाचा.

आता तान्हा पोळा. हा आपला विदर्भाचा लाडका सण, भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते आणि इकडे पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला. माझ्या मुलाचा पहिला नंदी मी हौसेने बाजारातून घेतला, चकचकीत लाल-हिरवा, शिंगं सोनेरी. पंधरा दिवसांनी पाहिलं तर एका शिंगाचा रंग गेलेला, लाकूड दिसत होतं, आणि त्यावर बारीक दातांच्या खुणा. त्याला तेव्हा दात येत होते, दिवसभर तेच चावत बसायचा. तो रंग कोणता होता, कोणी कुठून आणला होता, त्या विकणाऱ्याला पण माहीत नव्हतं. कारखान्यातल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क बंधनकारक आहे, पण रस्त्यावर बसणाऱ्या सुताराकडच्या नंदीवर तो कुठून येणार. सुताराचं पोट त्यावर आहे, घ्या त्याच्याकडूनच, पण सांगा की बिनरंगाचा दे. आम्ही आता कोरा नंदी आणतो, घरी खोबरेल तेल चोळतो, गेरूने पाठ रंगवतो, हळदीचे पट्टे ओढतो, कापडाची झूल मुलगा स्वतः बांधतो. मागच्या वर्षी शेजारच्या तीन पोरांनी पण तसेच केले.

हळदीत पण शिसं येतं. रंग उजळ दिसावा म्हणून लेड क्रोमेट नावाची पिवळी पावडर लावतात, हळकुंडावर पण घासतात, त्यामुळे नुसतं अख्खं घेतलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. बांगलादेशात हे सापडलं, त्यांनी कडक कारवाई केली आणि २०१९ मध्ये बाजारातले जवळपास निम्मे नमुने खराब होते ते २०२१ पर्यंत शून्यावर आले, म्हणजे होतं, करायचं ठरवलं तर. आपल्या हातात काय, तर खूप पिवळंधमक गुळगुळीत हळकुंड टाळायचं, खरबरीत मातकट दिसणारं घ्यायचं, ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळालं तर उत्तम. वर्ध्याकडची वायगावची हळद आपल्या इतकी जवळ आहे, तिला जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, आम्ही चार घरं मिळून वर्षाची हळकुंडं मागवतो आणि चक्कीतून दळून आणतो. सुटी हळद पावडर मी घेणं बंद केलं.

काजळ-सुरमा मुलाच्या डोळ्यात नको. सुरम्यात तर शिशाचं खनिजच असतं. सासूबाईंना वाईट वाटलं होतं, मग आम्ही तीट तळपायाला आणि कानामागे लावायला लागलो, ती पण घरी तुपाच्या दिव्यावर धरलेली. दृष्ट पण लागत नाही आणि डोळे पण शाबूत. बाळगुटी, भस्म, कोणी दिलेली बिननावाची पुडी, यात पण काळजी घ्या, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, २००८ मध्ये छापून आली, पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आयुर्वेदाला नाव ठेवत नाही मी, पण पुडीवर नाव-पत्ता-बॅच नंबर नसेल तर बाळाच्या तोंडात घालू नका.

घरातला कोणी बॅटरीच्या, वेल्डिंगच्या, रंगाच्या कामाला जात असेल तर आल्या आल्या कपडे बदलून हातपाय धुऊन मगच मुलाला उचला, ते कपडे वेगळे धुवा.

आणि खाणं. पोटात लोह, कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढतं. म्हणून पालेभाजी, तीळ, हळीव, चणे, अंडं, आणि सोबत लिंबू, आवळा, संत्रं. संत्र्याच्या गावात राहून मुलाला पाकिटातलं ज्यूस देऊ नका. जेवणाआधी साबणाने हात, हे तर आहेच, धूळ हातातूनच तोंडात जाते. शंका असेल तर डॉक्टरला रक्तातल्या शिशाची टेस्ट विचारा, मोठ्या लॅबमध्ये होते.

खाणं-पिणं, रंग, फटाके

तर्री पोहे पेपरवर घेणं थांबवा. शाईत शिसं आणि इतर केमिकल असतात आणि गरम तेलकट तर्री ती शाई अशी ओढून घेते की अक्षरं पोह्यावर दिसतात. २०१८ च्या पॅकेजिंग नियमात वर्तमानपत्रात खाणं बांधायला बंदीच आहे. आम्ही घरून स्टीलची प्लेट नेतो, ठेलेवाले काका आता ओळखतात. तसंच गरम वरण, दूध प्लास्टिकच्या डब्यात-पिशवीत नको, शाळेचा डबा स्टीलचा, बाटली पण स्टीलची.

आंब्याला कार्बाईड लावून पिकवणं कायद्याने बंद आहे, इथिलिन गॅसला परवानगी आहे, तरी मोसमाच्या सुरुवातीला एकसारखा पिवळा, वास नसलेला, आत कडक आंबा दिसला तर घेऊ नका. थांबा पंधरा दिवस. आणला की पाण्यात बुडवून ठेवा, वाहत्या पाण्यात चोळून धुवा, साल मुलाला चोखू देऊ नका. पेटीत पावडरची पुडी निघाली तर मुलाने हात लावायच्या आत फेका.

बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा तपासून घ्या, यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराईडचा त्रास जुना आहे, फ्लोराईड दीड मिलिग्रॅम आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम लिटरमागे याच्या वर नको. पाणी उकळून हे जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं, त्यामुळे बाळाचं दूध अशा पाण्यात बनवू नका.

रंगपंचमीला चमकणारे चंदेरी, काळे, गडद हिरवे रंग नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला असतो, फुलं रात्री गरम पाण्यात टाका, सकाळी केशरी पाणी तयार. दिवाळीत नागगोळी मुलांना "छोटी, आवाज नाही" म्हणून देतात, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाके मोजले तेव्हा बारीक कणांत सगळ्यात पुढे ही नागगोळीच निघाली. मुलं तर वाकून तोंड जवळ नेऊन बघतात. काळी मेंदी पण नको, फोड येतात.

हिवाळ्यात एक गोष्ट फार सांभाळा. बाथरूममध्ये गॅस गिझर आणि खिडकी बंद, किंवा बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि दार बंद. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही, माणूस गुंगीत जातो. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा, नसेल जमत तर पाणी आधी बादलीत भरून गिझर बंद करा मग मुलाला आंघोळीला न्या. शेगडी शेकून झाली की खोलीबाहेर.

सुट्टीत गावी जायच्या आधी

हे शेवटचं, पण माझ्या मनात सगळ्यात जास्त हेच असतं, कारण आपली निम्मी मुलं दिवाळीत आणि उन्हाळ्यात गावी असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ती मोठी धडधाकट माणसं होती. ते औषध ज्या घरात धान्याच्या पोत्याशेजारी ठेवलेलं असतं त्याच घरात आपलं पोर लपाछपी खेळतं. फवारणीचा पंप अंगणात पडलेला, त्याच पंपाच्या नळीने मुलं पाणी उडवतात. फवारणी करून आलेला माणूस तेच शर्ट घालून नातवाला कडेवर घेतो.

आम्ही दिवाळीच्या आधी सासऱ्यांना फोन केला होता. मी म्हटलं, बाबा, फवारणीचं औषध कुठे ठेवता हो? ते म्हणाले, खोलीतच आहे, खाटेखाली, काहून? मी भाच्याची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, ते काही बोलले नाहीत, बरं म्हणून फोन ठेवला. आम्ही गेलो तेव्हा गोठ्यात जुनी लोखंडी पेटी दिसली, तिला कुलूप, आणि किल्ली बाबांच्या करदोड्याला. पंप उलटा करून वरती आढ्याला टांगलेला. फवारणीचे कपडे पण वेगळे, गोठ्यातल्याच खुंटीवर. नातू धावत गेला तर म्हणाले, थांब बाळा, आधी हात धुतो, मग घेतो तुला.